रकाना

फॉर्मचा सातवा रकाना विचारतो:
आपल्या शाळेत प्रगत अभ्यासक्रम किती?
मी शून्य लिहिते.
मग ते शून्य जरा मोठंच झालं असं वाटून
खोडते, आणि पुन्हा लिहिते, बेताचं.

नॉर्थ डकोटा. कॅनडाची हद्द इथून चाळीस मैल.
आमच्याकडे बारावीला नऊ मुलं.
मी बीजगणित शिकवते, भूमिती शिकवते,
मंगळवारी आणि गुरुवारी समुपदेशक असते,
आणि कर्टची पाठ धरल्यापासून
दोन नंबरची बसही मीच चालवते.
कॅल्क्युलस शिकवणारे गृहस्थ निवृत्त झाले
त्याला अकरा वर्षं होतील.
त्यांच्या जागेची जाहिरात अजून फलकावर आहे,
टाचणीचा गंज कागदात उतरलाय.

आठवा रकाना:
उपलब्ध विषयांपैकी सर्वांत कठीण विषय
या विद्यार्थिनीने घेतले आहेत का?
हो. घेतले आहेत.
दोन्ही.

लिनेया हाउगेन.
सुगीच्या दिवसांत रात्री अकरापर्यंत
धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याच्या खिडकीत बसते.
दोन ट्रकांच्या मध्ये जेवढा वेळ मिळेल
तेवढ्यात एक उदाहरण.
पुस्तक वाचनालयानं मोडीत काढलेलं, दीड डॉलरचं.
त्यात एक प्रश्न होता: वरून वाळू पडते आहे,
ढिगाची उंची कोणत्या वेगानं वाढते?
तिनं वाळू खोडून गहू लिहिलं
आणि उत्तर पडताळायला टेप घेऊन बाहेर गेली.
जमलं नाही.
"पुस्तकाचं बरोबर आहे," मला म्हणाली,
"त्यांनी फक्त वारा धरला नाहीये."

पान एकशे बारावर आम्ही दोघी अडलो.
तीन दिवस.
मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे,
विचार करतेय असं दिसावं म्हणून.
चौथ्या दिवशी बसमध्ये चढता चढता
तिनं धुक्यानं भरलेल्या काचेवर बोटानं
ती पायरी मला दाखवली,
आणि मागच्या बाकावर जाऊन झोपली.
मी वाटेतल्या फाट्यावर बस थांबवली,
काच पुसट व्हायच्या आत उतरवून घेतलं.

हे पत्रात लिहावं का?
तिकडे पूर्वेला, उबदार खोलीत,
कुणीतरी हा अर्ज आठ मिनिटांत वाचेल.
त्याच्या आधीचा अर्ज सव्वीस प्रगत विषयांच्या शाळेतला असेल.
वासरांत लंगडी गाय शहाणी,
असं मनात येईल त्याच्या.
येऊ दे. लंगडी गाय त्यानं पाहिली नसेल,
जानेवारीच्या वादळात, काही दिसत नसताना,
कळपाच्या आधी गोठ्याचं दार शोधणारी.
शिवाय लिनेया लंगडी नाही.
लंगडी शाळा आहे.

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं आणि खोडलं.
पत्राची एक प्रत शाळा समितीकडे जाते.

त्याऐवजी लिहिलं:
मी हिला शिकवू शकले नाही.
याहून मोठी शिफारस माझ्यापाशी नाही.
खाली सही केली, तिन्ही हुद्दे घातले.
बसचा नाही घातला.

उत्तर मार्चअखेर येतं म्हणतात.
तोवर तिनं पुस्तक माझ्या खणात आणून ठेवलंय,
आणि आज सकाळी, पाय आपटून बर्फ झाडत,
नववीतला वेस्ली ट्रोस्टाड
स्टिअरिंगपाशी उभा राहून म्हणाला,
ते गव्हाच्या ढिगाचं पुस्तक मिळेल का?

देण्याआधी मी चाळून पाहिलं.
पान एकशे बारा. समासात शिसपेन्सिलनं,
तिच्या तिरक्या अक्षरात:
"इथे घाबरू नकोस. बाईही अडल्या होत्या."

रबर हातात होता.
राहू दिलं.